एनआयसीयूतल्या नर्सने आपली नोंदणी आणि प्रमाणपत्रं चालू कशी ठेवावीत

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या नर्सकडे 'सर्टिफिकेशन' म्हणावं असा एकच कागद नसतो. निदान चार असतात: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, देशपातळीवरचा एनयूआयडी क्रमांक, नवजात शिशूच्या रिससिटेशनचं (जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वासावर आणण्याचं) प्रमाणपत्र आणि, केला असेल तर, निओनेटल नर्सिंगचा डिप्लोमा. प्रत्येक कागद वेगळ्या दारातून आलेला असतो. एकाची मुदत पाच वर्षांची, दुसऱ्याची त्याहून कमी, तर तिसऱ्याला मुदतच नसते, पण तो कौन्सिलकडे चढवलेला नसेल तर असून नसल्यासारखाच. आठशे ग्रॅमची बाळं वर्षानुवर्षं सांभाळणारी पक्की सिस्टर नवीन हॉस्पिटलच्या एचआर टेबलावर अडकते ती कामात कमी पडते म्हणून नाही, तर रिन्यूअलची तारीख उलटून गेलेली असते म्हणून. मुंबईत हे वारंवार घडतं आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ते टाळणं अगदी शक्य असतं.

पुढे जे लिहिलं आहे ते मुंबई, ठाणे, नवी मुंबईत बाळांच्या विभागात काम करणाऱ्या स्टाफ नर्ससाठी, मग ती महापालिकेच्या रुग्णालयात असो, ट्रस्टच्या की खासगी.

आधी चारही कागद एका टेबलावर काढा

सुट्टीच्या दिवशी एक तास काढा आणि सगळे मूळ कागद समोर ठेवा. एका वहीत प्रत्येकाचे चार रकाने करा: कुणी दिला, नंबर काय, कोणत्या तारखेपर्यंत चालतो, नाव कसं लिहिलंय.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद कौन्सिलच्या नोंदणीचा. महाराष्ट्रात ही नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र नर्सेस ॲक्टखाली होते आणि तिचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचं असतं. हा कागद चालू नसेल तर बाकीचे तीन कितीही चांगले असले तरी उपयोगाचे नाहीत. जीएनएम (नर्सिंग-मिडवायफरीचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी झालेल्यांकडे नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नोंदी असतात. अर्ज भरताना एकीकडे लक्ष देऊन दुसरी विसरू नका.

दुसरा एनयूआयडी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टममध्ये आधारच्या आधारे नाव नोंदवलं आणि राज्याच्या कौन्सिलने ते तपासून मान्य केलं की हा क्रमांक मिळतो. राज्य बदललं तरी तो बदलत नाही. केरळातून किंवा कर्नाटकातून मुंबईत आलेल्या कितीतरी सिस्टर्स आपल्यासोबत काम करतात. त्यांना मूळ राज्याच्या कौन्सिलचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्रात नोंद करावी लागते. ते काम रेंगाळलं असेल तर आधी ते हातावेगळं करा.

कायद्याबद्दल एक गोष्ट माहीत असावी. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायदा केला. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घेण्यासाठीच तो केलेला आहे आणि त्यात राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग आणि ऑनलाइन रजिस्टर अशी रचना आहे. त्यामुळे पुढच्या काळात लेटरहेडवरची नावं बदलतील. जुन्या कौन्सिलच्या शिक्क्याचे कागद 'आता कशाला' म्हणून रद्दीत टाकू नका. तुमच्या सलग नोंदणीचा पुरावा तेच आहेत.

नावाचा घोळ सगळ्यात आधी सोडवा

रिन्यूअल अडकण्याचं मोठं कारण सीएनईचे, म्हणजे सतत शिक्षणाचे, तास नसतात, नाव असतं. आपल्याकडे मुलीच्या नावात वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. मार्कशीटवर माहेरचं नाव, कौन्सिलकडे माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव गायब, आणि वर्कशॉपच्या प्रमाणपत्रावर आयोजकांनी ऐकून लिहिलेलं चौथंच काहीतरी. पोर्टलवर हे जुळत नाही आणि अर्ज परत येतो.

यावर दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे व्यावसायिक कागदांवर शेवटपर्यंत माहेरचंच नाव ठेवायचं आणि आधारही तसाच राहू द्यायचा. कायद्याने लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं काही नाही आणि माझ्या मते नर्ससाठी हाच सोपा रस्ता. नाव बदलायचंच असेल तर अर्धवट बदलू नका. विवाह नोंदणी प्रमाणपत्र घ्या, राजपत्रात नाव बदलून घ्या, त्यावरून आधार आणि पॅन, आणि मग लगेच कौन्सिलकडे नाव बदलाचा अर्ज. हा क्रम उलटा केला की दोन खेपा जास्त होतात. शिवाय हे काम रिन्यूअलच्या वर्षात काढू नका, निदान एक वर्ष आधी उरका.

इंग्रजी स्पेलिंगही एकदाच ठरवा. एकाच आडनावाचं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर एक असेल तर संगणकाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. वर्कशॉपच्या नोंदणी फॉर्मवर नाव स्वतःच्या हाताने, कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच लिहा.

तास : वर्षाला तीस

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष पाच वर्षांत १५० तास सतत शिक्षणाचा, म्हणजेच सीएनईचा आहे. वर्षाला ३० आणि महिन्याला अडीच तास. हा आकडा ऐकायला मोठा आहे, पण करायला नाही, अट एवढीच की तो वर्षावर्षाला केला पाहिजे. चार वर्षं काहीच न करता पाचव्या वर्षी १५० तास जमवायला निघालेली सिस्टर मिळेल ते वर्कशॉप करते: ऑर्थो, डायलिसिस, मानसिक ताण व्यवस्थापन. तास भरतात, पण बाळाच्या वॉर्मरपाशी त्यातलं काही उपयोगी पडत नाही. मला ही गोष्ट मनापासून खटकते. आपला वेळ, आपले पैसे, आपली सुट्टी त्यात जाते. मग ते तास आपल्याच बाळांसाठी का नसावेत?

म्हणून वर्षाच्या सुरुवातीला स्वतःला एक प्रश्न विचारा: मला वॉर्डात कोणती गोष्ट करताना दुसऱ्या कुणालातरी हाक मारावीशी वाटते? पीआयसीसी लाइनची (हातापायाच्या शिरेतून हृदयाजवळ नेलेल्या बारीक नळीची) देखभाल असेल, हाय फ्रिक्वेन्सी व्हेंटिलेटरचे अलार्म असतील, नाहीतर बाळ गेल्यावर आईशी बोलणं असेल. त्या वर्षीचे निम्मे तास त्यावर खर्च करा.

बाळांच्या विभागासाठी वर्षात ठरावीक दिवस असतात आणि त्यांच्या आगेमागे मुंबईत कार्यक्रम होतात. ५ मे हात स्वच्छतेचा दिवस, १२ मे परिचारिका दिन, १५ मे कांगारू केअरचा (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याचा) दिवस. १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह. १७ सप्टेंबर रुग्ण सुरक्षा दिन. १५ ते २१ नोव्हेंबर राष्ट्रीय नवजात शिशू सप्ताह आणि त्यातच १७ नोव्हेंबरला अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा जागतिक दिवस. या तारखा ड्यूटी रोस्टर लागण्याआधी परिसेविकेला सांगून ठेवा. स्तनपान सप्ताहातली सत्रं मुंबईत चुकवू नयेत असं मला वाटतं. आशियातली पहिली ह्युमन मिल्क बँक १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी याच शहरात, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली. दूध काढणं, साठवणं, पाश्चराइज करणं याचा इतका जुना अनुभव जवळच उपलब्ध असताना तो पुस्तकातून शोधायचं कारण नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये लोकल कधी बंद पडतील याचा भरवसा नसतो. त्या महिन्यांत ऑनलाइन सत्रं घ्या आणि हाताने करून शिकायची वर्कशॉप्स दिवाळीनंतर ठेवा. नाईट संपवून थेट वर्कशॉपला जाणं टाळा. झोपेत काढलेले सात तास प्रमाणपत्रावर सात तासच दिसतात, पण डोक्यात काही राहत नाही.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. या कार्यक्रमाला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आधीच मंजुरी आहे का, मंजुरीचा क्रमांक काय, आणि क्रेडिट तास किती. आयोजक 'अर्ज केलाय, मिळेल' म्हणाले तर थांबा. वॉर्डात इन्चार्ज सिस्टर घेतात ते क्लास शिकण्यासाठी उत्तमच, पण मंजुरी नसेल तर ते या तासांत मोजले जातील असं गृहीत धरू नका. तुमच्या हॉस्पिटलमध्ये नर्स एज्युकेटर असतील तर त्यांना विनंती करा: तेच क्लास थोडे बांधून, कौन्सिलकडे अर्ज करून मंजूर करून घ्या. सगळ्या वॉर्डाचं काम होतं.

प्रमाणपत्र हातात पडलं की त्याच दिवशी नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, तास आणि मंजुरी क्रमांक पाहा. चूक असेल तर आयोजक अजून हॉलमध्येच असतात. सहा महिन्यांनी ते सापडत नाहीत. फोटो काढून स्वतःच्या मेलवर पाठवा. व्हॉट्सॲपवर ठेवलेले फोटो फोन बदलला की जातात.

रिससिटेशनचं प्रमाणपत्र : इथे वेळ द्या

चार कागदांतला हा एकच असा आहे जो थेट बाळाच्या श्वासाशी जोडलेला आहे, म्हणून यावर जास्त लिहितेय.

आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचा एनआरपी, म्हणजे निओनेटल रिससिटेशन प्रोग्रॅम, हा कार्यक्रम बेसिक आणि ॲडव्हान्स्ड अशा दोन पातळ्यांवर चालतो. त्यांचं मुख्य कार्यालय नेरुळलाच आहे. सरकारी यंत्रणेत २००९ पासून नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, आणि एसएनसीयूत (सरकारी रुग्णालयांतल्या आजारी नवजात बाळांच्या विभागात) काम करणाऱ्यांसाठी फॅसिलिटी बेस्ड न्यूबॉर्न केअरचं चार दिवसांचं प्रशिक्षण, त्यानंतर दोन आठवडे प्रत्यक्ष विभागात निरीक्षण. प्रसूतिगृहात हाक आली की जाणाऱ्या नर्सने ॲडव्हान्स्ड करावं. फक्त पोस्टनेटल वॉर्डात असाल तर बेसिकने सुरुवात चालेल. प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख असते, तिच्या तीन महिने आधी पुढच्या वर्कशॉपला नाव घाला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचं एनआरपी कार्ड असेल तर त्याची मुदत दोन वर्षं.

पण हातातलं कौशल्य कार्डच्या तारखेची वाट पाहत नाही. काही महिने सराव नसेल तर मास्क नीट बसत नाही, हे प्रत्येक अनुभवी सिस्टर जाणते. म्हणून दर महिन्याला एकदा, हँडओव्हरनंतर पंधरा मिनिटं, वॉर्डातच ड्रिल करा. बाहुली हवी. नसेल तर निदान मास्क, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि वॉर्मरसमोर उभं राहून मोठ्याने बोलत करा.

ड्रिलमध्ये हे आकडे न अडखळता आले पाहिजेत. जन्मानंतरच्या पहिल्या साठ सेकंदांत पुसणं, ऊब, पोझिशन आणि गरज असेल तर श्वास देणं सुरू. हृदयाचे ठोके १०० च्या खाली असतील किंवा बाळ श्वास घेत नसेल तर बॅग-मास्क, मिनिटाला ४० ते ६० श्वास. छाती उचलली जातेय का ते बघा. नसेल तर मास्क नीट करा, मान पुन्हा ठेवा, तोंड-नाक साफ करा, तोंड उघडा, दाब वाढवा, आणि तरीही नाही तर श्वासनलिकेत ट्यूब. छाती उचलतेय अशा ३० सेकंदांच्या व्हेंटिलेशननंतरही ठोके ६० च्या खाली असतील तरच कॉम्प्रेशन, म्हणजे छातीवर दाब, तीन दाब आणि एक श्वास या प्रमाणात, मिनिटाला ९० दाब आणि ३० श्वास. ऑक्सिजन सॅच्युरेशन पहिल्या मिनिटाला ६० ते ६५, पाचव्याला ८० ते ८५ आणि दहाव्याला ८५ ते ९५ टक्के अपेक्षित असतं. जन्मल्याबरोबर ९५ दिसावं म्हणून ऑक्सिजन वाढवत नेणं अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घातक आहे.

हिशेबाचा सराव एकाच कल्पित बाळावर करा. समजा वजन १.२ किलो. ॲड्रिनालिनचं १ मिलीचं ॲम्प्यूल सलाइनने १० मिलीपर्यंत पातळ केलं की एकास दहा हजार होतं. शिरेतून पहिला डोस किलोला ०.२ मिली धरला तर ०.२४ मिली. ट्यूबचं माप १ ते २ किलोसाठी ३. हेच बाळ वॉर्डात आलं, दिवसाला किलोमागे ८० मिली द्रव ठरलं, तर ९६ मिली, म्हणजे तासाला ४ मिली. १० टक्के डेक्स्ट्रोज असेल तर ग्लुकोजचा दर काढायला ४ गुणिले १० ला (६ गुणिले १.२) ने भागा, उत्तर साधारण ५.६ मिलिग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. पुढच्या महिन्यात वजन बदला. प्रत्यक्षात डोस डॉक्टर सांगतात आणि विभागाचा प्रोटोकॉल असतो, पण सिरिंज आपल्या हातात असते. ऐकलेला आकडा चुकीचा वाटला तर तिथल्या तिथे विचारण्याची ताकद या सरावातून येते.

ड्रिलची तारीख, कोण होतं आणि काय चुकलं हे एका वहीत लिहा. एनएबीएच (हॉस्पिटलांच्या दर्जाची मान्यता देणारी संस्था) तपासणीत ही वही उपयोगी पडतेच, पण खरा उपयोग वेगळा आहे. तीन महिन्यांची पानं वाचली की सक्शनचा दाब दर वेळी कुणीच तपासत नाही, असं काहीतरी नेमकं सापडतं.

डिप्लोमा असेल तर तो चढवून घ्या

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमानुसार निओनेटल स्पेशालिटी नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा आहे आणि त्याचा बहुतेक भाग प्रत्यक्ष विभागात काम करून शिकण्याचा. प्रवेश घेण्याआधी संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का ते बघा. पास झाल्यावर अतिरिक्त पात्रता म्हणून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद करा. पुष्कळ जणी इथेच थांबतात: प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागतं आणि रजिस्टरमध्ये काहीच नसतं. बढतीच्या किंवा परदेशाच्या वेळी विचारलं जातं ते रजिस्टर.

रिन्यूअलचा अर्ज

मुदत संपायच्या सहा महिने आधी पोर्टलवर लॉगिन उघडतंय का, मोबाइल नंबर जुनाच आहे का, एवढं बघा. ओटीपी बंद पडलेल्या नंबरावर जातो आणि तिथूनच सगळं अडतं. कागद साधारण हेच: मूळ नोंदणी प्रमाणपत्र, आधीचं रिन्यूअल, आधार, फोटो, सीएनईची प्रमाणपत्रं, नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा. अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरची यादी पुन्हा वाचा, कारण ती वेळोवेळी सुधारली जाते. फी भरल्याची पावती आणि अर्जाचा क्रमांक छापून ठेवा. नवं प्रमाणपत्र आलं की एक प्रत अधिसेविकेच्या कार्यालयात, एक एचआरकडे द्या आणि पोहोच घ्या. एजंट लागत नाही.

परदेशाचा विचार असेल तर

आखाती देशांत जायचं असेल तर तुमची नोंदणी आणि अनुभव मूळ संस्थांकडून पडताळले जातात. कौन्सिलचं गुड स्टँडिंग (नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही असं प्रमाणपत्र) आणि प्रत्येक जुन्या हॉस्पिटलचं अनुभव पत्र लागतं. अनुभव पत्रात 'स्टाफ नर्स' एवढंच न लिहिता विभाग, बेडची संख्या आणि तारखा लिहून घ्या. आणि हे नोकरी सोडतानाच मागा. पुढे मेट्रन बदलतात, हॉस्पिटलचं नाव बदलतं.

इंग्लंडमध्ये नोंद झाली की दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणी टिकवण्याची पडताळणी, असतं: ४५० तास प्रत्यक्ष काम, ३५ तास शिक्षण आणि त्यातले २० इतरांसोबत बसून घेतलेले, पाच जणांचे अभिप्राय आणि आपल्या कामावर विचार करून लिहिलेले पाच लेखी अनुभव. हे लिखाण आपल्याकडून गेलेल्या सिस्टर्सना जड जातं, कारण इथे सवय नसते. आजपासूनच दोन महिन्यांतून एकदा अर्धं पान लिहा: काय घडलं, मी काय केलं, पुढच्या वेळी काय वेगळं करेन. बाळाचं नाव, आईचं नाव, केस पेपरचा नंबर, फोटो, काहीही त्यात नको.

अमेरिकेतल्या आरएनसी-एनआयसी या एनआयसीयू नर्सिंगच्या सर्टिफिकेशन परीक्षेबद्दल गैरसमज बरेच आहेत. ती इथल्या नोंदणीवर देता येत नाही. अमेरिकेचं किंवा कॅनडाचं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स, नवजात विभागातला २४ महिन्यांचा अनुभव आणि किमान २,००० तास लागतात. पुढे दर तीन वर्षांनी ते टिकवावं लागतं. १२५ प्रश्नांची स्वमूल्यांकन चाचणी द्यायची, तिच्यात जिथे कमी पडाल त्या विषयांचे तास करायचे. सीसीआरएन निओनेटल हे तिथलंच अतिदक्षता नर्सिंगचं दुसरं सर्टिफिकेशन, ते टिकवायला तीन वर्षांत ४३२ तास थेट रुग्णसेवा, त्यातले १४४ शेवटच्या वर्षात, आणि शिक्षणाचे १०० गुण. इथे बसून यातलं कोणतंही सर्टिफिकेशन 'आधीच मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मुदत उलटून गेली असेल तर

बाळंतपण, आजारी सासू-सासरे, गावाकडचं काही, कारण काहीही असो, तारीख गेली असेल तर लपवू नका आणि जुन्याच कागदाची झेरॉक्स पुढे करू नका. इन्चार्ज सिस्टरला त्याच दिवशी सांगा, पोर्टलवर उशिराच्या रिन्यूअलचा अर्ज करा, कौन्सिल विलंबाबद्दल जे मागेल ते द्या. तास कमी पडत असतील तर मंजूर कार्यक्रमांची यादी काढून तारखा ठरवा आणि त्या अर्जासोबतच्या पत्रात लिहा. दोन-तीन वर्षांच्या खंडानंतर परत येत असाल तर रिन्यूअल हातात आल्यावर लगेच व्हेंटिलेटरवरचं बाळ घेऊ नका. आधी रिससिटेशनचं वर्कशॉप करा. मग काही आठवडे स्टेप-डाउनला (एनआयसीयूतून सावरलेल्या बाळांच्या विभागात), वजन वाढवणाऱ्या आणि कांगारू केअरमधल्या बाळांसोबत काम मागा, आणि एनआयसीयूत पहिल्या ड्यूट्या एखाद्या सीनियर सिस्टरच्या जोडीने लावून घ्या. हे मागणं हक्काचं आहे आणि कुठलीही समजदार परिसेविका त्याला नाही म्हणत नाही.